निवासी वैद्यकीय प्रशिक्षण

निवासी वैद्यकीय प्रशिक्षण म्हणजे वैद्यकशास्त्राची पहिली पदवी मिळवलेल्या डॉक्टराने एखाद्या विशिष्ट शाखेत पारंगत होण्यासाठी रुग्णालयात राहून, वेतन अथवा विद्यावेतन घेऊन आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काही वर्षे केलेले काम व अध्ययन. हे प्रशिक्षण घेणाऱ्यास 'निवासी डॉक्टर' असे म्हणतात. भारतात एम.डी. व एम.एस. या पदव्युत्तर पदव्यांसाठी, तसेच राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी.एन.बी. या पात्रतेसाठी तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते. अमेरिकेत शाखेनुसार हा काळ तीन ते सात वर्षांचा असतो.

निवासी डॉक्टर हा एकाच वेळी विद्यार्थी असतो आणि कर्मचारीही. त्याची नोंदणी झालेली असते, तो औषधे लिहून देऊ शकतो, मृत्यूच्या दाखल्यावर सही करतो. त्याच वेळी त्याची हजेरी मोजली जाते, त्याला प्रबंध लिहावा लागतो आणि तो परीक्षेत नापासही होऊ शकतो. कामाचे तास, विद्यावेतन, सुरक्षितता आणि मूल्यमापन यांविषयीचे बहुतेक वाद या दुहेरी भूमिकेतून निर्माण झाले आहेत. शासकीय रुग्णालयात रात्री दोन वाजता आणलेल्या रुग्णाला प्रथम तपासणारा डॉक्टर बहुधा निवासी डॉक्टरच असतो. त्यामुळे या प्रशिक्षणाची गुणवत्ता ही केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

संज्ञा

'निवासी' हा शब्द इंग्रजी 'रेसिडेंट' या शब्दाचा सरळ अनुवाद आहे. आरंभी हे डॉक्टर खरोखरच रुग्णालयाच्या आवारात राहत असत, म्हणून हे नाव पडले. आज अनेक देशांत ते बाहेर राहतात, परंतु नाव टिकून आहे. भारतात मात्र वसतिगृहात, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा वॉर्डालगतच्या लहानशा ड्यूटी रूममध्ये, त्यांचा मुक्काम असतो. त्यामुळे येथे हा शब्द अजूनही शब्दशः खरा आहे. पदवी अभ्यासक्रमानंतरच्या एक वर्षाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला मराठीत 'आंतरवासिता' ही शासकीय संज्ञा आहे. गुरुगृही राहून विद्या शिकणाऱ्या शिष्यासाठी संस्कृतात असलेल्या 'अंतेवासी' या शब्दाची आठवण त्यातून होते. जुन्या मुंबईत निवासी डॉक्टरांना 'हाउसमन' आणि 'रजिस्ट्रार' ही ब्रिटिश वळणाची नावे होती आणि ज्येष्ठ डॉक्टरांच्या बोलण्यात ती अद्याप ऐकू येतात. बोलीभाषेत पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना अनुक्रमे 'जेआर-वन', 'जेआर-टू' व 'जेआर-थ्री' म्हणतात.

उगम

आधुनिक निवासी प्रशिक्षणाचा उगम अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला, असे सामान्यतः मानले जाते. हे रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथील औषधवैद्यक विभागाचे प्रमुख विल्यम ऑस्लर आणि शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॅल्स्टेड यांनी जर्मन विद्यापीठांतील सहायकांच्या पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन नव्या पदवीधरांना रुग्णालयातच ठेवून, क्रमाक्रमाने अधिक जबाबदारी सोपवत शिकवण्याची रीत घातली. तोपर्यंत अमेरिकेत शल्यविशारद म्हणवून घेण्यासाठी कोणतेही ठरावीक शिक्षण आवश्यक नव्हते. ऑस्लर यांचा भर रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकवण्यावर होता. व्याख्यानगृहातून विद्यार्थ्याला वॉर्डात आणणे ही त्यांची कामगिरी मोठी मानली जाते.

हॅल्स्टेड यांची पद्धत मनोऱ्यासारखी होती. खालच्या पायरीवर अनेकांना घेतले जाई, दरवर्षी काही जण गळत आणि अखेरीस एकच जण मुख्य निवासी शल्यविशारद होई. मुदत ठरलेली नसे. गुरूला वाटेल तेव्हा शिक्षण पूर्ण झाले असे समजत. तीन दशकांहून अधिक काळात त्यांच्या हाताखाली असे मुख्य निवासी केवळ १७ झाले. या शिष्यांनी पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत शल्यविभाग उभारले, हे खरे. परंतु मधल्या पायऱ्यांवरून गळालेल्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. हॅल्स्टेड हे स्वतः कोकेनच्या भूल देण्याच्या गुणाविषयी प्रयोग करताना १८८४ च्या सुमारास त्याच्या आहारी गेले होते व पुढे मॉर्फिनच्या. निवासी डॉक्टरांनी विश्रांतीविना काम करावे, या अपेक्षेची चर्चा करताना आधुनिक लेखक या गोष्टीचा उल्लेख वारंवार करतात. दोहोंचा संबंध मात्र सिद्ध करता येण्याजोगा नाही.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील एडवर्ड चर्चिल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मनोऱ्याऐवजी आयताकृती रचना पुढे आणली. जितके प्रवेश घेतील तितक्यांना, गुणवत्ता राखल्यास, प्रशिक्षण पूर्ण करता यावे, हे तिचे तत्त्व होते. आज जगभर प्रामुख्याने हीच रचना चालते. भारतातील एम.डी. व एम.एस. अभ्यासक्रमही याच प्रकारात मोडतात.

भारतातील प्रवेश

भारतात साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर निवासी प्रशिक्षणासाठी 'नीट-पीजी' ही राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा द्यावी लागते. तीत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. दिल्लीची एम्स, चंडीगढची पदव्युत्तर संस्था, पुदुच्चेरीची जिपमर यांसारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी वेगळी परीक्षा आहे. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या राज्याकडून. महाराष्ट्रात हे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आहे. हव्या त्या शाखेसाठी दोन-तीन वेळा परीक्षा देणारे उमेदवार पुष्कळ असतात.

या परीक्षेतून स्मरणशक्ती व वेग यांची परीक्षा होते. रुग्णाशी बोलण्याची हातोटी, हातांचे कसब किंवा संकटकाळी डोके शांत ठेवण्याची क्षमता यांची होत नाही. शल्यशाखेत प्रवेश घेणाऱ्याचे हात कसे आहेत, हे प्रवेशानंतरच कळते. अनेक जागा रिकाम्या राहिल्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्यात आली, तेव्हा या परीक्षेच्या अर्थाविषयीच प्रश्न उपस्थित झाले.

अमेरिकेत निवड निराळ्या रीतीने होते. उमेदवार रुग्णालयांत मुलाखती देतात, नंतर उमेदवार आणि रुग्णालये आपापल्या पसंतीच्या याद्या देतात आणि संगणक त्यांचा मेळ घालतो. 'मॅच' या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १९५२ पासून अस्तित्वात आहे. अशा जोडणीच्या सिद्धान्तासाठी व तिच्या प्रत्यक्ष रचनेसाठी लॉइड शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉथ यांनी १९९० च्या दशकात या व्यवस्थेची फेररचना केली होती.

प्रशिक्षणाची रचना

भारतीय शिक्षण-रुग्णालयाचा पाया 'युनिट' हा आहे. युनिटमध्ये प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक हा प्रमुख असतो, त्याच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी आणि तिन्ही वर्षांचे कनिष्ठ निवासी असतात. प्रत्येक युनिटचे बाह्यरुग्ण विभागाचे वार, शस्त्रक्रियेचे वार आणि तातडीच्या रुग्णांचा म्हणजे 'इमर्जन्सी'चा वार ठरलेले असतात. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत येणारे त्या शाखेचे सर्व रुग्ण त्या युनिटचे. त्या रात्री दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत प्रमुखांपुढे मांडावी लागते. रात्रभर जागलेल्या डॉक्टराचे काम त्या फेरीने संपत नाही, तर तेथून सुरू होते: फेरीत सांगितलेल्या तपासण्या, रक्ताची सोय, नातेवाइकांशी बोलणे, सुट्टीची कागदपत्रे.

कामाची विभागणी कोठे लिहिलेली नसते, पण ती सर्वांना ठाऊक असते. पहिल्या वर्षाचा निवासी रक्ताचे नमुने घेतो, अहवाल गोळा करतो, केसपेपर लिहितो, सलाइन लावतो, जखमांच्या पट्ट्या बदलतो. दुसऱ्या वर्षाचा इमर्जन्सी सांभाळतो, पहिल्या वर्षाच्याला शिकवतो आणि सोप्या शस्त्रक्रिया वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतो. तिसऱ्या वर्षाचा निर्णय घ्यायला शिकतो. कोणत्या रुग्णाला रात्रीच शस्त्रक्रिया हवी, कोणाला सकाळपर्यंत थांबवता येईल आणि वरिष्ठांना केव्हा उठवायचे, हे त्याने ठरवायचे असते. या तीनपैकी शेवटची गोष्ट शिकायला सर्वांत कठीण आहे. विनाकारण फोन केला तर 'एवढेही कळत नाही का' असे ऐकावे लागते. न केल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. चांगल्या युनिटची खूण अशी की तेथे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरालाही रात्री प्रमुखांना फोन करण्याची भीती वाटत नाही.

शल्यशाखांतील शिक्षण प्रथम पाहणे, मग मदत करणे, मग करणे आणि शेवटी दुसऱ्यास शिकवणे, या क्रमाने होते. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत सुरुवातीला निवासी केवळ चिमटा धरून उभा असतो, मग त्वचेचे टाके घालतो, मग पोट उघडतो, आणि काही महिन्यांनी वरिष्ठ समोर उभा असताना संपूर्ण शस्त्रक्रिया करतो. ज्या दिवशी वरिष्ठ हातमोजे न घालता खोलीच्या कोपऱ्यात उभा राहतो, त्या दिवशी शिष्यावर विश्वास टाकला गेला असे समजावे. प्रशिक्षणशास्त्रात या विश्वासालाच मोजमापाचे एकक बनवण्याचा प्रयत्न झाला आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

कामातून शिकण्याच्या जोडीला ठरावीक शैक्षणिक कार्यक्रम असतात. रुग्णसादरीकरण, नियतकालिकांतील शोधनिबंधांची चर्चा, परिसंवाद आणि मृत्यूंचा आढावा घेणारी सभा हे त्यांतील प्रमुख होत. मृत्यू-आढावा सभेत महिनाभरात दगावलेल्या रुग्णांच्या उपचारांची चिकित्सा होते. तिचा हेतू दोष कोणाचा हे ठरवण्यापेक्षा काय घडले ते समजून घेण्याचा असावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा कनिष्ठांची उलटतपासणी होते. रुग्णांची गर्दी वाढली की सर्वांत आधी रद्द होतात ते हेच कार्यक्रम.

प्रत्येक निवासी डॉक्टराला मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंधही लिहावा लागतो. पहिल्या वर्षात त्याचा आराखडा नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागतो. संशोधनाची पद्धत, वैद्यकीय नीती आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन यांचे छोटे अभ्यासक्रमही अनिवार्य आहेत.

जिल्हा निवासी कार्यक्रम

२०२० मध्ये अधिसूचित झालेल्या आणि २०२१ च्या तुकडीपासून लागू झालेल्या नियमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला मधल्या सत्रांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. मोठ्या शहरातील रुग्णालयात गुंतागुंतीचे, अन्यत्र उपचार होऊन आलेले रुग्ण अधिक येतात. आजाराचे पहिले रूप तेथे क्वचितच दिसते. सर्पदंश, शेतीतील कीटकनाशकांची विषबाधा, घरी अडलेले बाळंतपण ही जिल्ह्यांत रोजची बाब आहे. शिवाय एम.आर.आय. अथवा अतिदक्षता विभागातील खाट हाताशी नसताना निर्णय कसा घ्यावा, हे तेथेच शिकता येते. वैद्यकीय ज्ञान केवळ महानगरांतून खाली झिरपते असे नाही, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले आणि त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तथापि जिल्हा रुग्णालयात शिकवणारा वरिष्ठ उपलब्ध नसेल, तर हा कार्यक्रम केवळ रिक्त जागा भरण्याचे साधन ठरतो, अशी टीका होते.

मूल्यमापन

निवासी डॉक्टराचे मूल्यमापन दोन प्रकारे होते: प्रशिक्षण चालू असताना वेळोवेळी आणि शेवटी परीक्षेद्वारे. भारतात दीर्घकाळ सारा भार दुसऱ्या प्रकारावर राहिला आहे.

अंतिम परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात; त्यांपैकी एक मूलभूत शास्त्रांवर तर एक शाखेतील अलीकडच्या प्रगतीवर असते. महाराष्ट्रात या परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. प्रात्यक्षिक परीक्षेला चार परीक्षक असतात आणि त्यांतील दोन बाहेरून आलेले असतात. उमेदवाराला एक 'लाँग केस' आणि काही 'शॉर्ट केस' दिल्या जातात. लाँग केसमध्ये अनोळखी रुग्णाची हकीकत ऐकून व तपासणी करून निदान मांडायचे आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. त्यानंतर क्ष-किरण चित्रे, उपकरणे, नमुने यांवर तोंडी परीक्षा होते. लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्हींत स्वतंत्रपणे किमान निम्मे गुण मिळवावे लागतात.

लाँग केसचा मोठा गुण असा की ती प्रत्यक्ष डॉक्टरी कामाच्या सर्वांत जवळ जाते. तिचा दोषही तितकाच मोठा आहे: सारे काही एका रुग्णावर अवलंबून राहते. एकाच्या वाट्याला स्पष्ट बोलणारा, पाठ्यपुस्तकातल्यासारखी लक्षणे असलेला रुग्ण येतो. दुसऱ्याच्या वाट्याला परभाषक, थकलेला आणि यापूर्वी चार उमेदवारांनी तपासून वैतागलेला. तीन वर्षांचा निकाल त्यावर लागतो. या नशिबाला आवर घालण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये वेगळी पद्धत मांडली. 'ऑस्की' या लघुनामाने ती ओळखली जाते. तीत सर्व उमेदवार घंटेच्या ठोक्यावर अनेक लहान टेबलांवरून फिरतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच काम, तीच वेळ व तीच गुणपत्रिका असते. निकाल अधिक न्याय्य लागतो. मात्र रुग्णाकडे समग्रपणे पाहण्याची शक्ती पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजता येते का, हा प्रश्न उरतो. डी.एन.बी.च्या प्रात्यक्षिकात या पद्धतीचा समावेश आहे.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेचे चार थर सांगितले: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन थरांपर्यंत पोहोचते, ऑस्की तिसऱ्यापर्यंत. चौथ्या थरासाठी, म्हणजे कोणी पाहत नसताना डॉक्टर काय करतो हे समजण्यासाठी, कामाच्या जागीच निरीक्षण करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी 'मिनी-सेक्स' हे साधन प्रचारात आले. वरिष्ठाने वीस मिनिटे निवासी डॉक्टराला खऱ्या रुग्णाशी वागताना पाहायचे, लगेच बोलायचे आणि नोंद करायची, इतकी ही साधी गोष्ट आहे. तीन वर्षांत वरिष्ठाने आपल्याला संपूर्ण हकीकत घेताना एकदाही पाहिले नाही, असे सांगणारे निवासी डॉक्टर कमी नाहीत. वरिष्ठ हकीकत ऐकतो ती निवासी डॉक्टराच्या तोंडून. रुग्णाने ती कशी सांगितली आणि त्यातले काय गळाले, हे त्याला कळत नाही.

अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने १९९९ मध्ये सहा क्षमता निश्चित केल्या. त्या अशा: रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामाचे परीक्षण करून सुधारणा, संवाद, व्यावसायिक वर्तन आणि आरोग्यव्यवस्थेचे भान. २०१३ पासून प्रत्येक क्षमतेतील प्रगतीचे टप्पे ठरवून दर सहा महिन्यांनी विभागातील समिती प्रत्येक निवासी डॉक्टर कोणत्या टप्प्यावर आहे, हे नोंदवू लागली. नेदरलँड्समधील ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये सुचवलेली कल्पना याहून व्यवहाराला जवळची आहे. निवासी डॉक्टराला गुण देण्याऐवजी 'हे काम त्याच्यावर किती देखरेखीने सोपवता येईल' असे विचारावे, असे त्यांचे म्हणणे होते. केवळ पाहू द्यावे, समोर उभे राहून करू द्यावे, हाकेच्या अंतरावर राहून करू द्यावे की पूर्णपणे सोपवावे? हा निर्णय वरिष्ठ दररोज मनातल्या मनात घेतच असतात. या पद्धतीने तो कागदावर आणला.

भारतात नोंदवही म्हणजे 'लॉगबुक' अनिवार्य आहे आणि अभ्यासक्रमही क्षमताधारित म्हणून नव्याने लिहिले गेले आहेत. तथापि नोंदवही महिनोन्‌महिने कोरी राहून परीक्षेच्या आधी एका बैठकीत भरली जाणे आणि मार्गदर्शकाने सर्व पानांवर एकदम सह्या करणे, हा प्रकार अपरिचित नाही. वेळोवेळी केलेल्या मूल्यमापनात कोणालाही कमी गुण न देण्याची प्रवृत्ती जगभर आढळते. ज्याच्याबरोबर उद्या रात्रीची इमर्जन्सी काढायची आहे, त्याला आज 'असमाधानकारक' असे लिहून देणे वरिष्ठाला जड जाते. दुसरीकडे, ज्याच्या सहीवर प्रबंध आणि परीक्षा अवलंबून आहे, त्या मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करणे निवासी डॉक्टराला त्याहूनही जड जाते.

कामाचे तास

मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन या १८ वर्षांच्या तरुणीचा दाखल झाल्यानंतर काही तासांतच मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणारे प्रशिक्षणार्थी डॉक्टर दीर्घकाळ कामावर होते आणि त्यांच्यावर इतर अनेक रुग्णांचा भार होता. तिच्या वडिलांनी चालवलेल्या लढ्यानंतर न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा घातली. २००३ मध्ये चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तासांची मर्यादा संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग १६ तासांची अट आली आणि २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली. युरोपीय संघाच्या नियमानुसार ही मर्यादा आठवड्याला सरासरी ४८ तास आहे.

या मर्यादांचा परिणाम वाटतो तितका सरळ नाही. सलग २४ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता मद्यपान केलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात अतिदक्षता विभागातील नव्या डॉक्टरांनी जुन्या वेळापत्रकात, कमी तासांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका केल्या. परंतु त्यानंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांत सलग तासांची अट शिथिल केल्याने रुग्णांचे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. २०२० मध्ये बालरोग अतिदक्षता विभागांतील अभ्यासात तर कमी तासांच्या वेळापत्रकात चुका वाढल्या. कारण शोधता असे दिसले की तास कमी झाले, पण डॉक्टर वाढले नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला अधिक रुग्ण आले. पाळ्या आखूड झाल्या की रुग्णाची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे प्रसंगही वाढतात. हे हस्तांतरण ठरावीक साच्यात करण्याची सवय लावल्यावर नऊ रुग्णालयांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला साधारणतः ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नसावे असे म्हटले होते. शिक्षण-रुग्णालयांत ही मर्यादा पाळली गेल्याचे उदाहरण दाखवणे कठीण आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आकडा नाही. 'वाजवी' तास व 'वाजवी' विश्रांती असे शब्द आहेत, तसेच वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी रजा आणि शक्यतो साप्ताहिक सुट्टी यांची तरतूद आहे. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कृतिगटाने २०२४ मध्ये ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली.

तासांचा प्रश्न मनुष्यबळाशी किती घट्ट बांधलेला आहे, हे २०२१ मध्ये दिसले. न्यायालयीन वादामुळे नीट-पीजीनंतरची प्रवेश प्रक्रिया जानेवारी २०२२ पर्यंत लांबली आणि देशभरातील रुग्णालये अनेक महिने पहिल्या वर्षाच्या तुकडीविना, म्हणजे तीनऐवजी दोन तुकड्यांवर चालली.

सुरक्षितता व संघटना

महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांची संघटना 'मार्ड' या नावाने परिचित आहे. विद्यावेतन, वसतिगृहांची अवस्था आणि नातेवाइकांकडून होणारी मारहाण या प्रश्नांवर तिने वेळोवेळी संप केले आहेत. रुग्णसेवक व रुग्णालये यांच्यावरील हिंसा रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला. तो करूनही हल्ले थांबलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. विश्रांतीसाठी ती परिसंवाद कक्षात गेली होती. देशभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवले आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृतिदल नेमले. स्त्री-डॉक्टरांसाठी रात्रपाळीत कुलूप लावता येईल अशी स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह असावे, ही तेव्हा सर्वत्र पुढे आलेली मागणी किती मूलभूत होती, हे नोंदवण्याजोगे आहे.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. निवासी डॉक्टरांच्या बाबतीत छळ आणि कडक शिस्त यांची सीमा धूसर राहते. शिक्षा म्हणून लावलेली सलग तिसरी रात्रपाळी कागदावर इतर पाळ्यांसारखीच दिसते.

प्रशिक्षणानंतर

पदवी मिळाल्यावर महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती न केल्यास दंड भरावा लागतो. अध्यापनाकडे वळणारे वरिष्ठ निवासी म्हणून काम करतात. सहायक प्राध्यापक होण्यासाठी सामान्यतः असा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. हृदयरोग, मेंदूची शस्त्रक्रिया यांसारख्या अतिविशेष शाखांसाठी डी.एम. व एम.सीएच. हे आणखी तीन वर्षांचे अभ्यासक्रम असून त्यांसाठी 'नीट-एसएस' ही वेगळी परीक्षा आहे. तेथे प्रवेश मिळवणारा तज्ज्ञ डॉक्टर, वयाच्या तिशीत, पुन्हा एकदा पहिल्या वर्षाचा निवासी होतो.